चाळीस हजारांत सिम रेसिंग: शब्द कुठले, सामान कुठलं आणि पैसे आधी कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेमिंग लॅपटॉप आहे, वर्षभर कंट्रोलरवर असेटो कोर्सा खेळून झालंय, आता सिम रेसिंगसाठी, म्हणजे खऱ्या गाडीसारखी रेस कॉम्प्युटरवर चालवण्यासाठी, ४० हजारांच्या आत स्टीअरिंग घ्यायचंय. पण व्हिडिओ बघायला बसलं की डायरेक्ट ड्राइव्ह, न्यूटन-मीटर, लोड सेल, क्लिपिंग, एफओव्ही असे शब्द एकामागून एक आदळतात. यांचा अर्थ काय, आणि नेमकं घ्यायचं काय?

आधी उत्तर, मग कारणं. मोटर किती ताकदीची, हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, तुमच्या पायाचा ब्रेक कसा मोजला जातो. दुसरा, तुम्ही बसता कुठे आणि पडदा डोळ्यांपासून किती लांब आहे. विकणारे नेमके उलट्या क्रमाने विकतात, कारण स्टीअरिंग टेबलावर मिरवता येतं आणि पेडल टेबलाखाली जातं. पण लॅप टाइम त्या टेबलाखालीच ठरतो.

शब्दांची यादी पाठ करून काही हाती लागत नाही. एकच वळण घेऊ. मिलानजवळचं मॉन्झा, १९२२ सालचं सर्किट, एक फेरी ५.७९३ किलोमीटरची. असेटो कोर्साच्या मूळ गेममध्येच ते आहे, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. जीटी३ गाडी (स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसची गाडी) घेऊन मुख्य सरळ रस्त्यावरून आलात की वेग ताशी २६० च्या पुढे गेलेला असतो आणि समोर पहिली शिकेन येते. शिकेन म्हणजे वेग मोडण्यासाठी मुद्दाम घातलेली, आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे अशी चिंचोळी जोडवळणं. तिथून जाताना वेग ताशी ७०-८० च्या आसपास उरतो. म्हणजे दोनशेच्या आसपासचा वेग काही सेकंदांत झाडायचा आहे, तोही गाडी सरळ ठेवून.

कडेच्या मीटरच्या पाट्या बघून तुम्ही जिथे पाय मारता तो ब्रेकिंग पॉइंट. स्टीअरिंग वळवायला सुरुवात करता तो टर्न-इन. वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वात जवळ जाते तो एपेक्स, आणि पुन्हा बाहेरच्या कडेला फेकली जाते ती एक्झिट. हे सगळं जोडणारी वाट म्हणजे रेसिंग लाइन. गेममध्ये ती हिरव्या-लाल पट्ट्याने दाखवायची सोय असते. दोन-चार दिवस वापरा आणि बंद करा. नाहीतर डोळे त्या पट्ट्याला चिकटतात आणि पाट्या दिसेनाशा होतात.

आता पाय. पहिला दाब जोरात आणि पूर्ण, कारण त्या वेगाला पंखाचा दाब गाडीला जमिनीवर चेपून धरत असतो आणि टायरला पकड भरपूर असते. वेग उतरतो तसा तो दाब कमी होतो, म्हणून पायही हळूहळू हलका करावा लागतो. तो केला नाही तर चाक फिरायचं थांबतं आणि टायर घासत जातो. ते लॉक-अप. जीटी३ गाडीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असतं म्हणून चूक पोटात घातली जाते. जुन्या फॉर्म्युला गाडीत धूर निघतो आणि गाडी सरळ वाळूत जाते.

यातला सर्वात महत्त्वाचा शब्द ट्रेल ब्रेकिंग. टर्न-इनच्या वेळी ब्रेक पूर्ण सोडायचा नाही. स्टीअरिंग जसं वळत जाईल तसा पाय थोडा-थोडा उचलत न्यायचा. कारण साधं आहे. टायरकडे पकड मोजकी असते. ती थांबण्यात खर्च होते किंवा वळण्यात. दोन्हीकडे एकाच वेळी पूर्ण मिळत नाही. शिवाय ब्रेकवर पाय असेपर्यंत गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि नाक वळायला तयार असतं. पाय झटकन उचलला की वजन मागे जातं, नाक वर येतं आणि गाडी एपेक्सच्या बाहेरून निघून जाते. नवशिक्याची गाडी मॉन्झाच्या पहिल्या शिकेनला दर फेरीत एक-दीड मीटर बाहेर जाते ती बहुतेक वेळा यामुळेच, आणि तो मात्र स्टीअरिंगच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

म्हणजे पायाला १०० टक्के, ८०, ५०, २०, ५ असे टप्पे ओळखता आले पाहिजेत. इथे पेडलच्या आतला भाग महत्त्वाचा ठरतो. स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. पेडल किती अंतर खाली गेलं एवढंच तो मोजतो. पुढचा प्रकार हॉल सेन्सर. तोही अंतरच मोजतो, पण चुंबकाने, घासल्याशिवाय, त्यामुळे धूळ बसून आकडे नाचू लागत नाहीत. लोड सेल मात्र अंतर नाही, तुमच्या पायाचा जोर मोजतो, वजनकाट्यासारखा. माणसाच्या पायाला जोर लक्षात राहतो, सेंटिमीटर राहत नाहीत. खऱ्या गाडीतही ब्रेकचं पेडल थोडं खाली जाऊन घट्ट होतं आणि पुढचं सगळं काम दाबावरच चालतं. म्हणून लोड सेल लावल्यावर माणूस एका रात्रीत वेगवान होत नाही, पण एकसारखा होतो. दहा फेऱ्यांत दहा वेळा ब्रेक जवळपास एकाच जागी लागतो. वेग त्यानंतर येतो.

लोड सेल घेतला की शंभर टक्के ब्रेकसाठी किती जोर लागावा ते तुम्हाला ठरवता येतं. खूप कमी ठेवलात तर पाय ठेवताक्षणी चाकं लॉक. खूप जास्त ठेवलात तर अर्ध्या तासात पोटरी भरून येते आणि खुर्ची मागे पळते. तुमच्या आरामाच्या पूर्ण दाबाच्या थोडं खाली ती मर्यादा ठेवा, आणि पुढचे काही दिवस तिला हात लावू नका.

ब्रेक बायस हा शब्दही इथेच येतो: एकूण ब्रेकपैकी पुढच्या चाकांना किती टक्के. आकडा वाढवला की गाडी शांत पण नाकाने जड. कमी केला की वळायला उत्सुक पण मागून सुटायला टपलेली. सुरुवातीला गाडीबरोबर आलेला आकडाच ठेवा. कॅम्बर, टो, डॅम्पर वगैरे सेटअपच्या पानाकडे पहिले दोन महिने ढुंकूनही बघू नका, हे माझं ठाम मत आहे.

आता स्टीअरिंग. फोर्स फीडबॅक, बोलताना एफएफबी. त्याचा अर्थ कंपन नव्हे. कंपन तर कंट्रोलरलाही असतं. पुढच्या टायरवर जो ताण येतो तो मोटर उलटा तुमच्या हातात आणून देते. खऱ्या गाडीत स्टीअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं, तोच हा जोर. वळणात पुढच्या टायरची पकड संपत आली की हा जोर कमी होतो, स्टीअरिंग अचानक हलकं लागतं. तेच अंडरस्टीअर: तुम्ही वळवताय, गाडी वळत नाही. तिथे आणखी वळवणं हा सगळ्यांचा पहिला हिसका असतो आणि तो नेमका चुकीचा; स्टीअरिंग थोडं उघडायचं आणि टायरला पुन्हा धरू द्यायचं. उलट, मागची चाकं सुटली तर ओव्हरस्टीअर. तेव्हा स्टीअरिंग आपणहून घसरणीच्या दिशेला पळतं. त्याला घट्ट धरून ठेवू नका. सैल हाताने जाऊ द्या, मग पकडा. खऱ्या गाडीत ही बातमी आधी पाठीला आणि कमरेला कळते. सिममध्ये पाठ आंधळी असते, म्हणून हात, कान आणि डोळे यांच्यावर सगळा भार.

मोटर ते हात हा जोर तीन रस्त्यांनी येतो. लॉजिटेकच्या जी२९, जी९२०, जी९२३ मध्ये दातेरी चक्रं आहेत. टिकाऊ, पण कर्बवर म्हणजे कडेच्या रंगीत दगडी पट्टीवर चढलं की खडखड ऐकू येते आणि मधोमध थोडी ढिलाई जाणवते. थ्रस्टमास्टरच्या टी३०० मध्ये पट्टा आहे. तो मऊ, शांत, पण बारीक तपशील थोडे पुसट करतो. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मधे काहीच नाही. स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर. फानाटेकचं सीएसएल डीडी २०२१ मध्ये आलं, मग मोझाचं आर५ वगैरे आली, तेव्हापासून हा प्रकार मध्यम खिशाच्या आवाक्यात आला. त्याआधी ही चीज व्यावसायिक संघांची आणि हौशी श्रीमंतांची होती.

न्यूटन-मीटर म्हणजे मोटरचा पीळ. आकड्यांनी दबून जाऊ नका, हातातल्या वजनात बदला. जी२९ चा जोर सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास. साधारण २८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगच्या कडेला तो दीड-पावणेदोन किलोचा ओढा होतो. आर५ साडेपाचचं आहे, म्हणजे तशाच स्टीअरिंगवर सुमारे चार किलो. माझ्या मते पाच ते नऊ यांच्यामध्ये बहुतेकांचं पोट भरतं. त्यापुढे गेलात तर एक सवय लावून घ्या: भिंतीला धडक बसणार हे दिसलं की अंगठे स्टीअरिंगच्या आतून बाहेर काढायचे. ताकदवान मोटर झटका देते तेव्हा मनगट मुरगळायला वेळ लागत नाही.

क्लिपिंग हा शब्द इथेच समजून घ्या, कारण लहान मोटरवाल्यांना तोच जास्त छळतो. गेमने मागितलेला जोर मोटरच्या कमाल जोरापेक्षा जास्त झाला की मोटर आपल्या टोकाला जाऊन थांबते. गणपतीच्या मांडवात आवाज पूर्ण वाढवल्यावर स्पीकर फाटतो, नुसता गोंगाट उरतो आणि शब्द कळत नाहीत, अगदी तसं. वळणात स्टीअरिंग जड लागतं, पण आत टायर सुटतोय की धरतोय हे काही कळत नाही. असेटो कोर्सात पेडलचे आकडे दाखवणारं छोटं ॲप पडद्यावर ठेवता येतं. त्यात एफएफबीची वेगळी पट्टी असते. मॉन्झाच्या पॅराबोलिकासारख्या लांब वळणात ती सतत लाल होत असेल तर गेममधला गेन, म्हणजे एफएफबीच्या जोराची पातळी, उतरवा. कर्बवर क्षणभर लाल झाली तर होऊ द्या. लोक नेमकं उलटं करतात: जोर हवा म्हणून गेन शंभरावर, आणि मग स्टीअरिंग काही सांगतच नाही अशी तक्रार.

रोटेशन म्हणजे स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती अंश फिरतं. रस्त्यावरच्या गाडीला साधारण ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे. रेसच्या गाड्यांना पुष्कळ कमी. ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये ९०० ठेवा, बाकीचं गेम गाडीप्रमाणे जुळवून घेतो. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

एफओव्हीवर मात्र घालवा, कारण ते फुकट आहे. फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे गेम तुम्हाला किती अंशांचं जग दाखवतो. तुमच्या डोळ्यांसमोर पडद्याने जितका कोन व्यापला आहे तितकाच कोन गेमने दाखवला तर अंतरं आणि वळणं खऱ्या मापाची दिसतात. २७ इंची मॉनिटरची उंची सुमारे ३४ सेंटिमीटर. डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर उभा कोन ३१ अंशांच्या आसपास येतो. असेटो कोर्सात हा उभा कोनच भरायचा असतो. आयरेसिंग या ऑनलाइन रेसच्या गेममध्ये आडवा, आणि तिथे हिशेब करून द्यायची सोयही आहे. मूळ सेटिंगचा कोन यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून वेग भन्नाट वाटतो आणि वळणं असतात त्यापेक्षा लांब वाटतात. कोन बरोबर केला की पहिल्या दिवशी गाडी रांगतेय असं वाटेल, आरसे पडद्याबाहेर जातील, तुम्ही वैतागाल. आठवडाभर तसंच चालू द्या. ब्रेकिंग पॉइंट हलायचे थांबतात.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा ६० सेंटिमीटरवर जेमतेम १८ अंश भरतो. एवढ्या भोकातून गाडी चालवता येत नाही. घरात ४३ इंची टीव्ही असेल तर तो डोळ्यांपासून एक मीटरवर आणा. ३० अंश मिळतात, म्हणजे २७ इंची मॉनिटरइतकेच. टीव्हीचा गेम मोड आठवणीने सुरू करा. तो नसेल तर चित्र उशिरा येतं आणि हात तुम्ही हलवल्यानंतर गाडी हलते. तीन पडदे, व्हीआर हे सगळं छान आहे, पण तुमचा लॅपटॉप घामाघूम होईल.

बसण्याची व्यवस्था. कॉकपिट किंवा रिग म्हणजे सीट, पेडल आणि स्टीअरिंग एकाच सांगाड्यावर. पहिल्या दिवशी नसला तरी चालतं, पण दोन गोष्टींचा बंदोबस्त करा. आपल्याकडे फरशी असते. जी२९ च्या पेडलखाली गालिच्यात रुतायला दात दिलेत, त्यांचा लादीवर उपयोग शून्य. पेडल भिंतीला टेकवा, नाहीतर मधे लाकडी पट्टी अडकवा. आणि चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक मारताच ती मागे जाते. तिची चाकं काढा किंवा सरळ जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणा. पार्टिकल बोर्डच्या टेबलाला क्लॅम्प फार आवळू नका, कड चुरते.

पुढे रिग करायचं ठरलं तर परदेशी साइटवरून मागवायची घाई नको. ४० बाय ४०, ४० बाय ८० मिलिमीटरचे खाचवाले ॲल्युमिनियम प्रोफाइल भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मशिनच्या चौकटींना रोजच लागतात. मापाने कापून मिळतात, टी-नट आणि बोल्टने जोडता येतात, वेल्डिंग लागत नाही. पेडलच्या पट्टीला जाड प्रोफाइल घ्या. लोड सेलवर पाय मारल्यावर ती वाकली तर लोड सेलचे पैसे पाण्यात. सीटसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत चक्कर मारा.

आता तुमचे ४० हजार. नवीन जी२९ किंवा जी९२३ साधारण २५ ते ३५ हजारांच्या दरम्यान येतं, भाव वरखाली होत राहतात. मी असतो तर सेकंड हँड जी२९ घेतलं असतं आणि उरलेले पैसे वेगळ्या लोड सेल पेडलसाठी बाजूला ठेवले असते. पीसीवर पेडल वेगळ्या यूएसबीला लावता येतात, कंपनी वेगळी असली तरी चालते. थ्रस्टमास्टरचं टी-एलसीएम त्यातलंच. कन्सोलवर हे जमत नाही, तिथे पेडल स्टीअरिंगच्या बेसलाच, म्हणजे मोटरच्या डब्यालाच, जोडावं लागतं. जी२९ प्लेस्टेशनला, जी९२० एक्सबॉक्सला, पीसीला दोन्ही, हेही लक्षात असू द्या.

जुनं बघायला जाताना लॅपटॉप घेऊन जा. पॉवर दिल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांना जाऊन मध्यावर यायला हवं, अडखळता कामा नये. मग विंडोजमधली यूएसबी गेम कंट्रोलरची जुनी खिडकी उघडून ब्रेक अगदी सावकाश दाबा. पट्टी सलग वाढली पाहिजे. मधेच उडी मारत असेल किंवा पाय काढल्यावरही थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटर मळलाय. साफ करता येतो, पण भाव पाडायला तेवढं पुरेसं आहे.

शिफ्टर आणि हँडब्रेक आत्ता नको. जीटी गाड्यांचे गिअर स्टीअरिंगमागच्या पॅडलनी, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्ट्यांनी, बदलतात. एच-पॅटर्न शिफ्टर, म्हणजे नेहमीच्या गाडीसारखा गिअरचा दांडा, जुन्या गाड्यांसाठी, हँडब्रेक रॅली आणि ड्रिफ्टसाठी.

गेम तुमच्याकडे आहेच. २०१४ चं असेटो कोर्सा अजूनही शिकायला उत्तम आहे. फक्त जीटी३ वर आधी उडी मारू नका. लोटस एलिझसारखी हलकी, कमी ताकदीची गाडी घ्या आणि तिच्यावरच महिना काढा. वजन कुठून कुठे जातं हे तीच शिकवते, जीटी३ चं एबीएस आणि चाकं जागीच फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल ते झाकून ठेवतं. नंतर जीटी३ साठी ‘असेटो कोर्सा कॉम्पेटित्झिओने’ हा वेगळा गेम घ्या. आयरेसिंग २००८ पासून सुरू आहे, तिथे शिस्तीच्या रेस मिळतात, पण मासिक किंवा वार्षिक वर्गणी आणि वर गाड्या-ट्रॅक वेगळे विकत. डॉलरमधला तो हिशेब आधी करून बघा.

ऑनलाइन गेलात की सेफ्टी रेटिंग भेटेल. तुम्ही किती जिंकलात ते आयरेटिंगमध्ये दिसतं, किती स्वच्छ चालवलंत ते सेफ्टी रेटिंगमध्ये. आयरेसिंगमध्ये ट्रॅक सोडला की एक पॉइंट, गाडी फिरली की दोन, जोराची टक्कर झाली की चार. चूक कोणाची हे तिथे कोणी विचारत नाही, दोघांनाही पॉइंट लागतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. पुढचा नवखा आहे हे ओळखून अंतर ठेवणं तुमचंच काम. खूप मागून येऊन, ब्रेक उशिरा मारून आत घुसणं म्हणजे डाइव्ह-बॉम्ब, आणि मॉन्झाच्या पहिल्या फेरीत त्या शिकेनला तो हमखास होतो. तिथे नेहमीपेक्षा बराच आधी ब्रेक लावा, कारण पुढे गाड्यांची रांग अकस्मात थांबलेली असते. गाडी फिरून गवतात गेली तर ब्रेक दाबून जागीच उभं राहा, सगळ्या गाड्या जाऊ द्या, मग ट्रॅकवर या. निळा झेंडा दिसला तर तुम्हाला फेरीने मागे टाकणारा येतोय. ट्रॅकवर आडवंतिडवं होऊन वाट देऊ नका, आपली लाइन धरून चाला आणि सरळ रस्त्यावर थोडा वेग सोडा.